पोलादाचे नाव छापतात, धारेची जाडी छापत नाहीत: घडीच्या चाकूकडून शौकिनांच्या अपेक्षा

घडीचा चाकू विकत घेताना त्याच्या खोक्यावर साधारणपणे चार गोष्टी वाचायला मिळतात: पोलादाचे नाव, पात्याची लांबी, मुठीचे साहित्य आणि वजन. ज्यांना अशा चाकूंचा शौक आहे, जे ते रोज वापरतात, उघडून साफ करतात आणि धारही घरीच लावतात, त्यांच्या तक्रारी मात्र बहुतांशी या चार गोष्टींच्या बाहेरच्या असतात. स्क्रूचे आटे लवकर जातात, पात्याला धार आहे पण ते कापत नाही, क्लिपमुळे खिशाची कड फाटते, डावखुऱ्याला खटका सोडवता येत नाही, अशा स्वरूपाच्या त्या तक्रारी असतात. निर्माते ऐकतच नाहीत असे नाही; पण जे छापता येते ते सुधारण्याकडे त्यांचा कल अधिक असतो आणि जे हाताळल्यावाचून कळत नाही ते मागे पडते. शौकीन मंडळी नेमके काय मागतात आणि ते देणे कारखान्यांना का जड जाते, हे समजून घेताना ही तफावत सतत आडवी येते.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटले की हिंदी चित्रपटातला खट्कन उघडणारा रामपुरी आठवतो आणि बोलणे तिथेच थांबते. येथे अभिप्रेत असलेला चाकू म्हणजे फळ चिरणे, सुतळी तोडणे, खोकी उघडणे, पेन्सिलीला टोक करणे यांसाठी खिशात असणारे एक साधे हत्यार आहे, आणि त्याची वंशावळही तशीच साधी आहे. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा, शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारा चाकू घडवला. स्वित्झर्लंडमध्ये ईबाख येथे कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिनॉक्सने, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. अमेरिकेत १९६० च्या दशकात बक कंपनीचा ११० क्रमांकाचा चाकू आला आणि उघडल्यावर पक्का अडकणारा चाकू म्हणजे काय, हे तिथल्या शिकाऱ्यांना त्याने दाखवून दिले. १९८१ मध्ये कोलोराडोतील स्पायडर्को या कंपनीने पात्याला एक गोल भोक पाडले आणि मुठीला क्लिप लावली. भोकामुळे चाकू एका हाताने उघडता येऊ लागला आणि क्लिपमुळे तो खिशाच्या तळाशी किल्ल्यांबरोबर लोळण्याऐवजी कडेला टांगला जाऊ लागला. आजचे बहुतेक घडीचे चाकू या चौघांचे कमीअधिक नातेवाईक आहेत.

प्रथम पोलाद घेऊ, कारण त्याचीच चर्चा सर्वाधिक होते. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. ते पुरेसे तापवून झपाट्याने थंड केले की कठीण होते. आपले लोहार याला पाणी देणे म्हणतात. अशा कठीण केलेल्या पोलादात कार्बाइड नावाचे, त्याहूनही कितीतरी कठीण असे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. सिमेंट आणि खडी मिळून जसे काँक्रीट होते तसेच हे मिश्रण समजावे. खडी जास्त असेल तर घासून होणारी झीज कमी होते. पण खडी मोठी असेल तर काँक्रीटची पातळ कड टिकत नाही, एखादा खडा निखळतो आणि तिथे खळगा पडतो. धारेच्या टोकाशी पोलाद केसाहूनही बारीक झालेले असते, त्यामुळे मोठे कार्बाइड तिथे आधार देण्याऐवजी निखळून येतात आणि धारेला खांडे पडतात.

यावर उपाय म्हणून भुकटीचे पोलाद आले. वितळलेल्या पोलादाचा प्रवाह वायूच्या झोताने उडवून त्याची बारीक भुकटी करायची आणि ती प्रचंड दाबाखाली, मोठ्या उष्णतेत पुन्हा एकजीव करायची, अशी ही पद्धत आहे. प्रत्येक थेंब क्षणात गोठत असल्यामुळे कार्बाइडला मोठे व्हायला सवडच मिळत नाही. अमेरिकेतील क्रुसिबल कंपनीने २००१ च्या सुमारास अशा पद्धतीने एस३०व्ही हे पोलाद खास चाकूंसाठी बाजारात आणले आणि ते ठरवताना ख्रिस रीव्ह या चाकू घडवणाऱ्या कारागिराचा सल्ला घेतला गेला होता. त्यात सुमारे १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. चाकू वापरणाऱ्या-घडवणाऱ्यांनी काही मागितले आणि पोलादाच्या कारखान्याने ते ऐकले, याचे हे ठळक उदाहरण आहे.

गंजाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे आणि तिथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे. क्रोमियम जितके जास्त तितका गंज कमी, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात क्रोमियमचा जो भाग कार्बाइडमध्ये अडकून बसतो तो गंजापासून रक्षण करत नाही. जो मोकळा राहतो तोच पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करतो. डी२ या पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्के असूनही त्यावर डाग पडतात, ते यामुळेच. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने हे गणित उलटे मांडून मॅग्नाकट नावाचे पोलाद तयार केले आणि ते २०२१ मध्ये बाजारात आले. त्यात क्रोमियम १०.७ टक्केच आहे, पण ते कार्बाइडमध्ये अडकू नये अशी बाकीच्या धातूंची योजना असल्यामुळे अधिक क्रोमियमच्या कित्येक पोलादांपेक्षा ते गंजाला चांगले तोंड देते. मालवणात, अलिबागला किंवा गोव्यात, जिथे खारा वारा दारावरच्या कुलपांनाही सोडत नाही, तिथे राहणाऱ्याला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही.

इतके सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की पोलादाच्या नावावर शौकिनांनी स्वतःच अवाजवी भर दिलेला आहे. नवे पोलाद आले की ते अमुक चाकूत हवे, अशी मागणी सुरू होते. निर्माता त्याची मर्यादित आवृत्ती काढतो, ती हातोहात संपते, चढ्या भावाने पुन्हा विकली जाते आणि नेहमीच्या उत्पादनात काहीच बदलत नाही. जाणकारांची मागणी याहून वेगळी आणि कमी आकर्षक आहे: पोलाद कोणतेही असो, त्याला पाणी नीट द्या आणि ते किती कठीण झाले आहे ते छापा.

कठीणपणा मोजायची एक सर्वमान्य पद्धत आहे. हिऱ्याचा शंकू १५० किलो भाराने पोलादावर दाबायचा आणि तो किती खोल रुततो ते पाहायचे. येणाऱ्या आकड्याला रॉकवेल सी असे म्हणतात. खिशातल्या चाकूंमध्ये तो ५५ ते ६५ च्या दरम्यान असतो. एकच पोलाद ५८ वर ठेवले तर त्याची धार लवकर वळते आणि ६२ वर नेले तर ती बराच काळ उभी राहते, म्हणजे खोक्यावर तेच नाव असलेले दोन चाकू वापरताना अगदी निरनिराळे वाटू शकतात. मग कारखाने वरचा आकडा का गाठत नाहीत? एक कारण उघड आहे: कठीण पाते घासायला वेळ लागतो आणि घासण्याचे पट्टे लवकर संपतात. दुसरे कारण अधिक मार्मिक आहे. ज्याच्या चाकूची धार बोथटते तो माणूस धार लावतो आणि विसरतो; ज्याच्या पात्याचा टवका उडतो तो मात्र चाकू परत पाठवतो. त्यामुळे पाते थोडे मऊ ठेवणे कारखान्याच्या हिशेबात नेहमीच स्वस्त पडते, आणि त्या मऊपणाची किंमत गिऱ्हाईक हप्त्याहप्त्याने, धार लावण्याच्या वेळातून, भरत राहते.

याला अपवाद म्हणजे जिथे मऊपणा जाणूनबुजून निवडलेला असतो. व्हिक्टोरिनॉक्स आपली पाती सुमारे ५६ रॉकवेलवर ठेवते आणि शौकीन तिच्याकडे वर्षानुवर्षे अधिक कठीण पोलाद मागत आले आहेत. माझ्या मते येथे कंपनीचे बरोबर आहे. तो चाकू आजोबांच्या टेबलाच्या खणात, सहलीला निघालेल्या मुलीच्या दप्तरात आणि स्वयंपाकघरात असतो. त्याला कुणीही, कोणत्याही दगडावर, पाच मिनिटांत धार लावू शकले पाहिजे. जी मागणी एका चाकूच्या बाबतीत रास्त आहे ती दुसऱ्याच्या बाबतीत हट्ट ठरते.

आता ज्या गोष्टीचा आकडा खोक्यावर जवळजवळ कधीच नसतो तिच्याकडे वळू. धार म्हणजे दोन बाजूंचे दोन उतार एका रेषेवर मिळणे. हे उतार जिथे संपतात, म्हणजे धारेच्या अगदी लगेच वर, तिथे पाते किती जाड आहे यावर चाकू कसा कापेल हे पोलादाच्या नावापेक्षा अधिक अवलंबून असते. याला धारेमागची जाडी म्हणू. अडकित्त्याचे पाते आणि विळीचे पाते शेजारी ठेवून पाहिले की मुद्दा लक्षात येतो. अडकित्त्याचे पाते पाचरीसारखे जाड असते, कारण सुपारी चिरण्याच्या आधी फोडायची असते. त्याच पात्याने कांदा चिरायला घेतला तर तो चिरला जाण्याऐवजी चेपला जाईल. पुष्कळसे महागडे घडीचे चाकू या बाबतीत अडकित्त्याच्या वाटेने गेलेले आहेत. त्यांची धार दाढी करता येईल इतकी तीक्ष्ण असते, पण गाजर कापताना अर्ध्यावर येऊन ते कट्कन फुटते, कारण तीक्ष्ण टोक आत शिरते आणि मागून येणारी जाडी पाचरीचे काम करते.

आकड्यांत सांगायचे तर धारेमागची जाडी ०.७ मिलिमीटर असेल आणि प्रत्येक बाजूचा कोन २० अंशांचा असेल, तर धारेच्या उताराची उंची जवळजवळ १ मिलिमीटर येते. तीच जाडी ०.३ मिलिमीटर असेल तर त्याच कोनात ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास येते. कापताना पदार्थ बाजूला सारायला लागणारा जोर तर कमी होतोच, शिवाय दगडावर धार लावताना घासावे लागणारे पोलादही निम्म्याहून कमी होते. हा फायदा चाकू जुना होईल तसा वाढत जातो. कारण प्रत्येक वेळी धार लावताना आपण पात्याच्या थोड्या अधिक जाड भागात शिरत असतो, आणि जे पाते मुळातच जाड आहे ते काही वर्षांत कुऱ्हाडीसारखे वागू लागते.

कोनाचेही तसेच आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथील कॅट्रा ही संस्था धार किती टिकते ते मोजण्यासाठी एक यंत्र वापरते. त्यात वाळूचे कण मिसळलेल्या कागदाच्या पट्ट्या ठरावीक भाराने कापल्या जातात आणि एकूण किती जाडीचा कागद कापला गेला त्याची नोंद होते. अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की धारेचा कोन अरुंद केल्याने पडणारा फरक हा पोलाद बदलल्याने पडणाऱ्या फरकाहूनही मोठा असू शकतो. म्हणून जाणकारांची मागणी अशी असते की धारेमागची जाडी आणि धारेचा कोन हे दोन आकडे पोलादाच्या नावाशेजारी छापावेत. कारखाने त्याला नाखूश असतात, आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे: चाकू विकत घेणारा प्रत्येक जण फक्त कापतोच असे नाही. कुणी त्याने रंगाचा डबा उघडतो, कुणी स्क्रू फिरवतो, कुणी खिळा उपटायला बघतो, आणि पाते मोडले की हमीपत्र घेऊन येतो. त्यातच पाते पातळ घासताना ते तापून त्याचे पाणी उतरण्याचा धोका असतो, म्हणून हात सावकाश चालवावा लागतो. पण यावरचे उत्तरही जुनेच आहे. ओपिनेलच्या आठ क्रमांकाच्या चाकूचे पाते पाठीकडेही दोन मिलिमीटरहून पातळ असते, त्याची किंमत शौकिनांच्या संग्रहातल्या चाकूंपुढे किरकोळ असते, आणि सफरचंद किंवा पुठ्ठा कापताना तो त्यांच्यातल्या निम्म्यांना मागे टाकतो.

पात्याबद्दलची एक मागणी तर अक्षरशः फुकट पुरवता येण्यासारखी आहे. धार मुठीकडे जिथे संपते तिथे एक लहानशी अर्धगोल खाच ठेवली, तर धारेचे शेवटचे टोकही दगडावर पूर्ण टेकते. ती नसेल तर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर दगडापासून वंचित राहतात आणि काही वर्षांनी तिथे एक बोथट उंचवटा तयार होतो, जो कापताना सुतळीला अडकतो. अशी खाच न ठेवण्याचे कोणतेही पटण्याजोगे कारण मला आजवर दिसलेले नाही. ती फोटोत उठून दिसत नाही, एवढेच.

यानंतर खटका, म्हणजे उघडलेले पाते बोटांवर मिटू नये यासाठीची योजना. सगळ्यांत जुन्या प्रकारात खटका नसतोच. पाठीतली कमान पात्यावर दाब देऊन ते उघडे किंवा मिटलेले धरून ठेवते आणि जोर लावला की ते मिटते. स्विस चाकू बहुतांशी या जातीचे असतात. बक ११० मध्ये मुठीच्या पाठीत एक दांडी असते, ती झोपाळ्याच्या फळीसारखी मध्यावर झुलते आणि तिचे पुढचे टोक पात्याच्या खाचेत पडते. मागचे टोक दाबले की खाच मोकळी होते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने मुठीच्या आतल्या पातळ पत्तीलाच वाकवून तिचे टोक पात्याच्या बुडाशी आडवे येईल अशी रचना प्रचारात आणली. पुढे मूळच्या दक्षिण आफ्रिकी ख्रिस रीव्ह यांनी मुठीची एक संपूर्ण बाजूच कापून तिला ही पत्ती बनवली आणि तिच्यावर आधारलेला त्यांचा सेबेन्झा हा चाकू आजही इतरांची मापे काढण्याची फूटपट्टी समजला जातो. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ काम असा होतो.

खटक्यांबाबत शौकिनांच्या तक्रारी दोन टोकांच्या असतात: तो डगडगतो किंवा तो चिकटतो. दोन्हींचे मूळ एकच आहे. पत्तीचे टोक आणि पात्याचे बूड जिथे भेटतात तो पृष्ठभाग किंचित तिरपा ठेवलेला असतो, म्हणजे झीज झाली तरी पत्ती थोडी पुढे सरकून ती भरून काढते. हा तिरपेपणा कमी पडला तर पत्ती पाचरीसारखी रुतून बसते आणि अंगठा दुखेपर्यंत सुटत नाही. जास्त झाला तर ती घसरण्याचा धोका. टायटॅनियमची पत्ती पोलादाला अधिकच चिकटते आणि झिजतेही लवकर, म्हणून तिच्या टोकाशी पोलादाचा वेगळा तुकडा बसवावा, अशी मागणी होत राहिली आणि आता अनेक कारखाने तसे करतात. सेबेन्झाच्या ३१ क्रमांकाच्या आवृत्तीत त्या जागी सिरॅमिकची एक बारीक गोळी बसवलेली आहे. खोक्यावर मात्र दोन्ही प्रकारांत खटक्याचे नाव सारखेच छापले जाते.

पत्तीच्या खटक्याची आणखी एक अडचण अशी की तो मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. पात्याच्या बुडावर आडवी सरकणारी पोलादी कांडी हा त्यावरचा उपाय १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेंचमेड कंपनीच्या चाकूंतून लोकांपुढे आला. ती कांडी दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते, कोणत्याही हाताने मागे ओढता येते आणि मिटवताना एकही बोट धारेसमोर येत नाही. पेटंटची मुदत संपल्यावर बाकीच्यांनी तीच यंत्रणा आपापल्या नावाने वापरायला सुरुवात केली, आणि शौकिनांना हवे असलेले काहीतरी एकदम स्वस्तात मिळाले. तिच्यातल्या बारीक तारेच्या स्प्रिंगा कालांतराने तुटू शकतात. दोन असल्यामुळे एक तुटली तरी खटका लगेच निकामी होत नाही. आता मागणी एवढीच उरली आहे की चाकूबरोबर त्या स्प्रिंगांची एक जादा जोडी द्यावी. निर्माते किती सावकाश हलतात याचा एक नमुना द्यायचा तर ओपिनेलचा घ्यावा: पाते उघडे असताना ते अडकवणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले, आणि तेच कडे पाते मिटलेले असतानाही अडकावे ही सोय २००० मध्ये.

पाते ज्या आसाभोवती फिरते तिथेही दोन पंथ आहेत. एक पंथ छर्ऱ्यांच्या बेअरिंगचा, ज्यात पाते बोटाच्या टिचकीसरशी उघडते. दुसरा फॉस्फर ब्राँझच्या चपट्या वॉशरचा, ज्यात ते जरा जडपणे पण एकसारखे फिरते. दुकानात बेअरिंग जिंकते. खिशातले तंतू, वाळू आणि आंब्याचा रस आत शिरला की वॉशर जिंकतो, कारण तो पुसून परत बसवता येतो. येथे शौकिनांची खरी मागणी तिसरीच आहे. साधारण चाकूत आसाचा स्क्रू घट्ट केला की पाते जड होते आणि सैल केला की डगडगते, त्यामुळे मधला नेमका बिंदू शोधत बसावे लागते आणि तो आठवड्याभरात सरकतो. सेबेन्झामध्ये आसाभोवती पाते आणि वॉशर यांच्या एकत्रित जाडीशी अचूक जुळणारी एक नळी असते. स्क्रू पूर्ण आवळला तरी दाब नळीवर पडतो, पात्यावर नाही. यासाठी लागणारी अचूकता महाग असते हे मान्य आहे, पण ती एकदा साधली की स्क्रूला पुन्हा हात लावावा लागत नाही.

स्क्रूंबद्दल मात्र महागाईची सबब चालत नाही. माझ्या एका चाकूच्या स्क्रूची खाच मी तो पहिल्यांदा साफ करायला घेतला तेव्हाच गेली. स्क्रूचे डोके जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे, त्यात सहा पाकळ्यांची इवलीशी खाच आणि आट्यांना कारखान्यात लावलेला चिकट द्राव इतका सढळ की खाच फिरली पण स्क्रू फिरला नाही. शेवटी सोल्डरिंगची गरम सळई डोक्यावर टेकवून तो सैल करावा लागला. नंतर हमीपत्र वाचले, तर चाकू उघडल्यास हमी संपेल असे त्यात बारीक अक्षरांत लिहिलेले होते. ज्या वस्तूच्या पोटात रोज धूळ आणि घाम जातो ती मालकाने कधीच उघडू नये, ही अपेक्षा विचित्र आहे. शौकिनांची मागणी इतकीच असते की सगळे स्क्रू एकाच मापाचे आणि जरा मोठ्या डोक्याचे असावेत, आस एका बाजूने चपटा असावा म्हणजे तो सोडवताना जागच्या जागी गोल फिरत राहणार नाही, द्राव बेताने लावावा आणि सुटे स्क्रू मागितल्यावर मिळावेत. ख्रिस रीव्ह यांच्या कारखान्याने सेबेन्झाबरोबर तो उघडण्याची किल्लीच देण्याचा प्रघात ठेवला, यातून मालकाविषयीची दृष्टी कळते.

क्लिप ही दिसणारी वस्तू असूनही तिच्याबद्दल सर्वांत जास्त नाराजी असते, कारण ती दिसते कशी आणि हाताला लागते कशी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्धा तास पुठ्ठा कापून पाहिला की क्लिपचे टोक तळव्यात कुठे टोचते ते नेमके समजते, आणि हा प्रयोग आराखडा करणाऱ्याने स्वतः केला असता तर बऱ्याच क्लिपा निराळ्या झाल्या असत्या. मुठीवर चारही जागी क्लिप बसवण्याची भोके असावीत, तिचे स्क्रू पृष्ठभागाच्या वर येऊन पँटच्या शिवणीला घासू नयेत आणि क्लिपखालची मूठ खडबडीत ठेवू नये, या मागण्या जुन्या आहेत. डावखुऱ्यांची अवस्था आणखी वाईट असते. पत्तीचा खटका उजव्या अंगठ्याने ढकलायचा असतो, तोच डाव्या हाताने ओढावा लागतो. क्लिप फक्त उजवीकडे बसत असेल तर चाकू खिशात उलटा बसतो. आडव्या कांडीचा खटका डावखुऱ्यांना जास्त प्रिय असतो तो याच कारणाने.

शेवटी कायदा, कारण काही मागण्या त्यातूनच जन्माला येतात. इंग्लंडमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगता येतो तो चाकू घडीचा, खटका नसलेला आणि तीन इंचांपर्यंतच्या धारेचा असावा लागतो. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि उघडल्यावर अडकणारा चाकू २००८ पासून सार्वजनिक जागी बाळगण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे तिथले शौकीन नव्या पोलादाचे, क्लिप असलेले, पण खटका नसलेले चाकू मागतात, आणि काही कंपन्यांनी ते काढलेही आहेत. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम १९५१ च्या ३७ व्या कलमाखाली जे मनाई आदेश वेळोवेळी निघतात त्यांत शस्त्रे, लाठ्या यांच्याबरोबर चाकूंचाही उल्लेख असतो, तेव्हा आदेश लागू असताना फळे कापायचा चाकूही घरी ठेवलेला बरा. विमानाच्या केबिनमध्ये तर तो नेता येतच नाही.

हे निर्बंध वाढत चालले आहेत याची दखल निर्मात्यांनीही घेतली आहे. पाते नसलेले खिशातले साधन आपण विकसित करत असल्याचे व्हिक्टोरिनॉक्सचे प्रमुख, संस्थापकांच्याच घराण्यातले आणि त्याच नावाचे कार्ल एल्सनर, यांनी २०२४ मध्ये सांगितले. सायकल चालवणाऱ्यांना विशिष्ट अवजारे लागतात, पण पाते लागतेच असे नाही, असा त्यांचा विचार होता. अशा साधनाला पोलाद, पाणी, धारेमागची जाडी आणि खटका यांतले काहीच लागू होणार नाही. स्क्रू आणि क्लिप मात्र त्यालाही असतील.